तिसरीचा प्रताप

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटलं तर माझं नाव बदला. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या एकानेही विश्वास ठेवलेला नाही. तरीही हे घडलंय. माझ्या धाकट्या लेकीच्या बाबतीत. कॉलेजजवळच्या भाड्याच्या खोलीत, रविवारी, भर दुपारी.

परवा नात पहिल्यांदाच खोली घेऊन राहायला निघाली. बॅग भरता भरता म्हणाली, "आजोबा, माझी रूममेट एकदम झकास आहे हं!"

म्हटलं, मग ऐकच.

धाकटीच्या रूममेटला सगळे लांबी म्हणायचे. पंख्याला डोकं लागेल अशी उंच. दोघींचं गूळपीठ असं, की एकीला शिंक आली तर दुसरीने नाक पुसावं.

लांबीला स्वतःची वेणी घालता यायची नाही. रोज सकाळी धाकटीच घालायची. तो तिचा मान. दुसऱ्या कोणाला त्या केसांना हात लावू द्यायची नाही.

घरमालकीणबाई खालीच राहायच्या. नळ उघडा राहिला, दूध उतू गेलं, की जिन्यातून आवाज चढायचा, "हा कोणाचा प्रताप?"

आपसात भांडण नको म्हणून दोघींनी युक्ती काढली. एका सुरात ओरडायचं, "तिसरीचा!"

तिसरी कोणी नव्हतीच.

बाई कपाळावर हात मारायच्या. या दोघी उशीत तोंड खुपसून हसायच्या.

मग एकदा धाकटी कॉलेजातून आली, तर मोरीत दोन कप...

दोन्ही अजून कोमट.

"कोण आलं होतं गं?"

"कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी दोरीवर तिसरा टॉवेल...

ओला.

दुसरी कोणी असती तर सामान उचलून पळाली असती. आमची धाकटी? ती पेटली! भीती राहिली बाजूला, आपल्याला सोडून लांबी कोणाबरोबर चहा पिते, याचाच जळफळाट.

"आजोबा, भुतावर कोणी जळतं का?" नात फिस्सकन हसली.

"माझी लेक जळायची. ऐक पुढे."

एका सकाळी धाकटी अंघोळ करून बाहेर आली, तर लांबीची वेणी...

घातलेली. घट्ट, सरळ. धाकटीच्या हातापेक्षा सुबक.

"कोणी घातली?"

"काय गं? तूच नाही का आत्ता घातलीस?"

धाकटीच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं.

ती आतल्या आत धुमसत राहिली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने रविवारी ठरवलं. "लायब्ररीत जाते, संध्याकाळीच येईन," म्हणाली. धाडधाड जिना उतरली. चपला हातात घेऊन पुन्हा चढली.

दाराला कान लावला.

आत लांबी हसत होती. आणि तिच्याबरोबर आणखी कोणीतरी...

ते हसणं धाकटीने ओळखलं.

तिचं स्वतःचंच होतं.

तिने धाडकन दार ढकललं. लांबी पाठमोरी, खाटेवर. मागे कोणी नाही. पण केसांचे तीन पेड...

आपोआप एकमेकांवर चढत होते.

"लांबे! ती वेणी माझी आहे!"

लांबीने वळून दाराकडे पाहिलं. नुसतं दाराकडे. धाकटीकडे नाही.

तेवढ्यात खालून बाईंचा आवाज. "दार कोणी आपटलं गं? हा कोणाचा प्रताप?"

आतून दोन आवाज, एका सुरात...

"तिसरीचा!"

धाकटी उंबऱ्याबाहेर उभी होती.

मी थांबलो. नातीचा हात बॅगेच्या चेनवर तसाच राहिला.

"मग?"

"मग काय. आठवडाभर फोन नाही म्हणून, तिला जेवायला घरी आणतो असं सांगून मी तिथे गेलो. लांबीने दार उघडलं. वेणी बघण्यासारखी. मी विचारलं, धाकटी कुठेय? तर म्हणाली, 'काका, इथे आम्ही दोघीच राहतो. तिसरी कोणी नव्हतीच.' आत पाहिलं, तर खोलीत ती एकटी. तसाच घरी आलो, तर तुझ्या आजीने जेवणाला एक ताट कमी मांडलेलं..."

"थापा!" नात एवढ्या जोरात ओरडली की स्वयंपाकघरातून तिची आई धावत आली. "सगळ्या थापा, आजोबा! आईला बहीण आहेच कुठे? तुम्हाला तर एकच मुलगी!"