रंभेचा दोर

खाडीकाठच्या टॉवरमधून नौपाड्याला जायचं म्हणजे काही मोठा प्रवास नाही. माजिवड्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालायच्या आणि चहाच्या वेळेला आईकडे पोचायचं. हेमांगीने हे कितीदा तरी केलं होतं. आज फरक इतकाच, की ती नवऱ्याला तिथे कायमचं राहायला नेत होती. या टॉवरमध्ये त्याला पुन्हा पाऊल टाकू द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

सलिल म्हणजे चांगला हसताखेळता माणूस. पण गणपतीनंतर त्याचं काहीतरी बिनसलं. रोज तिन्हीसांजेला तो खाली उतरायचा आणि चार्जिंगला लावलेल्या गाडीत काचा वर करून खाडीकडे बघत बसायचा. घास घशाखाली उतरेना, शर्ट अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, ताण आहे. ताण आलेला माणूस झोपेत 'दोर धर' म्हणतो का, असं त्यांना तोंडावर विचारावंसं हेमांगीला वाटलं होतं.

तिने त्याला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, मागे बॅगा टाकल्या आणि गाडीत खुपसलेली चार्जिंगच्या केबलची गन काढायला गेली. गन निघेना. तिने किल्लीने गाडी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. चार्जर बंद केला. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. गन ढिम्म. भिंतीपलीकडे ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला, आणि उजेड भराभर विटत चाललेला.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मंजुळाबाई खाली आल्या. टॉवरची जागा मूळची त्यांच्या सासऱ्यांची, कोळीवाड्याचा जुना धक्का. आज जिथे चार्जर आहे, तिथेच होड्या बांधायचा खुंट होता. अडकलेली गन पाहून त्यांचा चेहरा पडला, आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं त्यांनी ओठावर आणलं.

जुन्या काळी इथे रंभा नावाची कोळीण होती. तिचा नवरा धाकू एकदा भांडून होडीत बसला आणि 'येतो' म्हणायच्या ऐवजी 'जातो' म्हणून गेला. तो परत आलाच नाही. रंभा दोराचं टोक धरून या खुंटापाशी बसली ती मरेपर्यंत. तेव्हापासून 'येतो' म्हटल्याशिवाय इथून कोणाची होडी सुटत नसे. मंजुळाबाई स्वतःची इलेक्ट्रिक स्कूटरही रोज तसंच म्हणून काढत. फक्त रंभेचं नाव घ्यायचं नाही. ते तिच्या नवऱ्यानेच घ्यायचं.

गणपतीत सलिलची गन अशीच अडकली होती. मंजुळाबाईंनी रंभेची गोष्ट सांगून 'येतो' म्हणायला लावलं, तसा तो हसला आणि हात जोडून, नाटकात म्हणावं तसं म्हणाला होता, "येतो गं रंभे, येतो." गन लगेच सुटली. मंजुळाबाईंनी तेव्हा जीभ चावली आणि गप्प बसल्या.

"आणि हे मला आज सांगताय?" हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चुकला माझा, बाय." मंजुळाबाईंचा आवाज अगदी खाली गेला. "तू नुसता 'येतंय' बोल. नाव नको घेव. ती सोडंल तुला..."

शब्द हेमांगीच्या जिभेवर आलाही होता. एका शब्दाने काय होतं? पण तिने काचेतून सलिलकडे पाहिलं. तो खाडीकडे टक लावून होता. एका शब्दानेच तर हे झालं होतं.

"मी जाते," ती चार्जरकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "परत यायची नाही. आणि याला घेऊन जाते."

मंजुळाबाईंनी कानांवर हात ठेवले आणि मागच्या मागे जिन्याकडे सरकल्या. वारा पडला. सुक्या बोंबलांचा आणि कुजक्या काथ्याचा वास दाटून आला...

गन अडकली तर ओढायला डिकीत आतल्या बाजूला एक बारीक दोरी असते, हे गाडी घेताना दाखवलं होतं. हेमांगीने डिकी उघडून आत हात घातला. दोरी हाताला लागली. पण ती प्लॅस्टिकची नव्हती. मनगटाएवढी जाड होती, खरखरीत होती आणि ओली होती. तिने ओढली तशी पलीकडून कोणीतरी ओढली. हळूच, सवयीच्या हाताने.

हेमांगी घाबरली. का नाही घाबरणार? पण सोडेल ती हेमांगी कसली. तिने बंपरला पाय लावला.

"तुझा गेला, त्याचं मला वाईट वाटतं," ती दात आवळून म्हणाली. "पण हा माझा आहे. हा द्यायचा नाही..."

पलीकडचा ताण क्षणभर थांबला. कोणीतरी ऐकत असावं तसा. मग खट्‌ आवाज झाला आणि गन जमिनीवर पडली. हेमांगीने डिकी आपटली आणि गाडी अशी काढली की गेटवरचा वॉचमन बाजूला उडाला.

माजिवड्याच्या सिग्नलला सलिल जागा झाल्यासारखा हलला आणि म्हणाला, भूक लागलीय, आईंना थालीपीठ लावायला सांग. हेमांगी गाडी चालवता चालवता रडली. ट्रॅफिकला मात्र तिने त्या दिवशी शिवी घातली नाही.

महिना झाला. सलिल जेवतो, हसतो, संध्याकाळी सासूबाईंशी पत्ते कुटतो. हेमांगीच्या तळहातावर काथ्याची बारीक कुसळं अजून आहेत, ती काही निघत नाहीत. घरातून निघताना ती 'जाते' म्हणते. तिची आई, सुमतीबाई, कपाळाला हात लावतात. असं अभद्र बोलू नये गं. पण हेमांगी ऐकत नाही. सलिललाही तिने तीच सवय लावलीय.

गाडी ती रोज ऑफिसला नेते. नौपाड्याच्या जुन्या इमारतीत चार्जरची सोय नाही. बाहेरही कुठे तिने ती अजून एकदाही चार्जिंगला लावलेली नाही.

सकाळी गाडी सुरू केली की पडद्यावर बॅटरी शंभर टक्के दिसते. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं, केबल जोडलेली आहे. हेमांगी उतरून मागे जाते, चार्जिंगचं झाकण उघडून बघते. तिथे काही नसतं. नुसती ओल असते, खारट वासाची.

"असू दे," ती झाकण लावत म्हणते. "धर किती धरतेस ते. जाते."