अर्ध्यावर राहिलेलं माप

सोमवारी सकाळी आठ वाजता काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि शनिवारची अख्खी दुपार मोकळी पडली होती, म्हणून शेठ त्यांना राजधानीचा जुना भाग दाखवायला घेऊन निघाले. काम एवढंच. डॉक्टर म्हणाले होते, थोडं चालू दे, दमल्या की बसू दे. काकूंची इच्छाही जुनी. माहेरी त्यांच्या खोलीत एक कॅलेंडर होतं आणि त्यातल्या एका पानावर या चौकाचं चित्र. घड्याळाचा उंच मनोरा, दगडी कमानींची रांग, मधोमध कोरडं पडलेलं कारंजं.

"ते पान आम्ही उलटलंच नाही," काकू सांगायच्या. "दोन वर्षं आमच्या घरी मार्चच चालला होता."

शेठ म्हणजे चपला-जोड्यांचे व्यापारी, आणि काकू म्हणजे त्यांची बायको. शेजारपाजारचे सगळे तिला काकू म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. शेठ शाळेत फारसे रमले नाहीत. शिकले ते दुकानाच्या पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत. चाळीस वर्षांत सवय अशी जडली की माणूस समोर आला की नजर आधी खाली जायची, चेहऱ्यापर्यंत नंतर पोचायची, कधी कधी पोचायचीच नाही. मुलीला बघायला मुलगा आला तेव्हा घरचे त्याचं शिक्षण विचारत होते आणि शेठ दाराबाहेर त्याचे बूट उलटे करून बघत होते. आत येऊन म्हणाले, "दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. होकार द्या." संसार आजतागायत सुखाचा आहे. उलट एकदा बँकेचे साहेब नवे बूट घालून आले, तर शेठनी त्यांना ओळखलं नाही आणि तासभर बाकावर बसवून ठेवलं. असा सगळा कारभार.

चौकात पोचेपर्यंत काकू दमल्या. हृदय कमजोर झाल्यापासून त्यांच्या पायांना सूज असायची आणि चाललं की वाढायची. सकाळीच शेठनी त्यांच्या चपलेच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडून दिलं होतं. चप्पल त्यांनीच शिवलेली, गडद लाल चामड्याची. कारंज्याच्या कठड्यावर बसून काकूंनी मान वर करून मनोरा पाहिला आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

"चित्रात होता त्याहून बुटका आहे हो."

"त्या वेळी तूही बुटकी होतीस."

"चला, पाणी आणा आता. मी काही पळून जात नाही."

शेठ कमानींखाली गेले. बाहेर लख्ख ऊन, आत दगडी गारवा. पाण्याची बाटली घेतली, सुटे पैसे खिशात टाकले आणि वळले, तर गर्दीतून काकूंचे पाय चाललेले दिसले.

पाय ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. गडद लाल चप्पल, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, उजवं पाऊल जरासं बाहेर पडणारं. हे पाऊल तीस वर्षं त्यांच्यापुढं स्वयंपाकघरात फिरत होतं.

"अगं, बस म्हटलं होतं ना!" शेठ ओरडले आणि मागे निघाले. मान खालीच. वर बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी चेहरा पाहिला असता. शेठना पाय दिसले, म्हणजे बायको सापडली.

पाय कमानींतून बाहेर पडले, डावीकडे वळले, एका अरुंद गल्लीत शिरले. जुन्या भागात अशा गल्ल्या फार. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला पाठ लावायची. गर्दी हळूहळू मागे राहिली. मग गर्दीचा आवाजही मागे राहिला. फरसबंदीवर शेठच्या बुटांचा टक-टक आवाज तेवढा येत होता. चपलांचा येत नव्हता. आपण शिवलेली चप्पल एवढी मऊ चालते, याचं शेठना कौतुकच वाटलं.

मग वास आला. कच्चं चामडं, मेण, खळ, जुना लाकडाचा भुसा. दुसरा कुणी नाक दाबून परत फिरला असता. शेठना मात्र घरी आल्यासारखं झालं. पाय दोन पायऱ्या चढले आणि एका बुटक्या दारातून आत गेले. 'बाईला दुकान बरं सापडलं,' असं मनाशी म्हणत शेठही वाकून आत गेले.

आत लांबलचक, निमुळती खोली. दोन्ही भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत फर्मे. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणून जोडा शिवतात. चांगला कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा फर्मा ठेवतो. शेठच्या दुकानात असे तीसेक असतील. इथे मोजायची सोय नव्हती. जोड्याजोड्यांनी सुतळीत बांधलेले, गळ्यात कागदी चिठ्ठ्या. टोकाला अर्ध्या उंचीचा पडदा होता. जुन्या दुकानांतून बायकांसाठी असतो तसला, गुडघ्यापासून खालचं तेवढं दिसेल असा. पडद्याखाली काकूंचे पाय विसावले होते. चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. समोर कातडी एप्रन घातलेला म्हातारा कारागीर गुडघ्यावर बसला होता.

"या शेठ," तो मागे न बघता म्हणाला. "धंद्यातलेच दिसता."

"ओळखलंत कसं?"

"वास घेऊन माणूस दारात थांबतो. तुम्ही आत आलात."

शेठ खूश झाले. भिंतीवरून नजर फिरवत म्हणाले, "माल जबरदस्त आहे हो. एवढी गिऱ्हाइकं! आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी येतंच, टाच लागते, अंगठा चावतो. तुमच्याकडे तक्रारी किती?"

"नाहीत."

"म्हणजे अगदी एकही नाही?"

"जोड कधी परतच आला नाही. गिऱ्हाईक घालतं... आणि जातं."

"आणि दुसरा जोड घ्यायला?"

"दुसरा लागत नाही."

धंद्यात मुरलेल्या माणसाला हे पटणारं नव्हतं. ज्या दुकानात माणूस ना भांडायला येतो, ना पुन्हा खरेदीला, ते दुकान चालतं कशावर? शेठनी हसत पडद्याकडे पाहिलं. "ऐकलंस का गं? यांच्याकडून शिकायला हवं."

पडद्यामागून उत्तर आलं नाही.

कारागिरानं काकूंच्या डाव्या पायाखाली कागद सरकवला, कानामागची शिसपेन्सिल काढली आणि पायाच्या कडेनं रेघ ओढायला सुरुवात केली. टाचेपासून अंगठ्याकडे, बोटांना वळसा घालून परत टाचेकडे. खर्र... खर्र... त्या बंद खोलीत तेवढाच आवाज. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागाला घासून गेली. पाय हलला नाही.

काकूंच्या तळव्याला टॉवेल लागला तरी त्या किंचाळून पाय ओढून घेत. तीस वर्षांत त्यांनी कुणाला, अगदी नवऱ्यालासुद्धा, बसून माप घेऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अहो, कुठं राहिलात?" काकूंचा आवाज. "पाणी आणायला गेलात की विहीर खणायला?"

शेठची नजर पडद्याखालच्या पायांवर होती. "तू... कुठं आहेस?"

"कुठं म्हणजे? कारंज्यावर. जागची हलले नाही."

"चप्पल पायात आहे ना तुझी?"

"आहे की! हे काय विचारणं झालं? बरं ऐका, लवकर या. माझा डावा पाय एकदम गार पडलाय हो. चिमटा काढला तरी कळत नाही..."

फोनमधून मनोऱ्याच्या घड्याळाचे टोले ऐकू आले. एक, दोन, तीन. मनोरा इथून हाकेच्या अंतरावर होता. पण खोलीत बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं.

कारागिरानं डाव्या पायाखालचा कागद काढून बाजूला ठेवला आणि नवा कागद उजव्या पायाखाली सरकवू लागला.

"आलोच," म्हणून शेठनी फोन ठेवला. पडदा ओढावा असं त्यांच्या हातांना फार वाटलं. पण परक्या दुकानात आरडाओरडा करून काही पदरात पडत नाही, हे त्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी बाटली खाली ठेवली, एक स्टूल ओढलं आणि दुकानात लावायचा तो आवाज लावला.

"कारागीर, हा जोड द्यायचा कधी आहे?"

"सोमवारी. सकाळी आठला."

ऑपरेशनचीच वेळ, हे शेठच्या ध्यानात आलं. चेहऱ्यावर मात्र त्यांनी ते येऊ दिलं नाही.

"काम तुमचं आहे, मी बोलू नये. पण धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, नाहीतर तुम्हीच म्हणाल, शेठ बघत बसले आणि बोलले नाहीत. तो पाय जरा दाबून बघा."

कारागिराची पेन्सिल थांबली. त्यानं अंगठा घोट्याच्या वर टेकवला आणि दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. मग सावकाश, फार सावकाश भरला.

"सूज आहे ही," शेठ म्हणाले. "आजाराची सूज. आज आहे, उद्या नसेल. तुम्ही सुजेवर फर्मा घडवणार, जोड शिवणार. ती चार पावलं चालेल की टाच निसटणार. मग अडखळेल, थांबेल आणि चप्पल हातात घेऊन..." इथे शेठनी भिंतींकडे हात केला. "एवढ्या सगळ्यांतून पहिलीच परत येईल. तुमच्या दारात. बघा बुवा, आपलं नाव आपण सांभाळायचं असतं."

शेठनी पहिल्यांदा मान वर करून म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. तो रागावला नव्हता. चांगल्या कारागिराला आपली चूक दुसऱ्यानं दाखवली की तो जसा होतो, तसा ओशाळला होता.

"सुजेवर माप घेत नाहीत," तो पुटपुटला.

"कुणीच घेत नाही."

म्हाताऱ्यानं डाव्या पायाचा कागद उचलला, चार घड्या घालून फाडला आणि पेन्सिल कानामागे खोचली. "ठीक आहे, शेठ. सूज उतरली की बघू."

पडद्याखालचा एक पाय मागे सरकला. मग दुसरा. शेठ पाठ न वळवता दारापर्यंत आले.

चौकात काकू डावा पाय चोळत बसल्या होत्या. "आत्ता कुठं मुंग्या यायला लागल्या. आणि पाणी कुठंय?" पाणी त्या दुकानातच राहिलं होतं. शेठ त्यांच्याजवळ बसले, त्यांनी काकूंचा चेहरा नीट, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "विसरलो."

"असं काय बघताय? नवी नवरी आहे का मी?"

आयुष्यात शेठनी पुष्कळ सौदे जिंकले. पण त्या संध्याकाळी लॉजवर काकूंना झोप लागली तेव्हा ते खिडकीत उभे राहून एकटेच हसले. एवढ्या मोठ्या दुकानदाराला त्यांनी माल न घेता परत पाठवलं होतं.

सोमवारी आठला ऑपरेशन सुरू झालं. साडेअकराला डॉक्टर मास्क काढत बाहेर आले, म्हणाले, उत्तम झालं. शेठनी त्यांचा हात इतका हलवला की बिचाऱ्याला तो सोडवून घ्यावा लागला. दोन दिवस सगळं छान. काकू उठून बसल्या, नर्सबाईशी गप्पा मारू लागल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तपासताना काकूंच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला नाही.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "सूज पूर्ण उतरली. काकू, आता पाय अगदी तरुण पोरीसारखे झाले."

काकू लाजून हसल्या. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, चांगली बातमी आहे ना? तुमचा चेहरा का पडला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर बदलताना नर्सबाई ओरडली. "काकू, पायाला काय लावून घेतलंत हे?" डाव्या तळव्याच्या कडेनं बारीक राखाडी रेघ होती. टाचेपासून अंगठा, बोटं, परत टाच. कुठंही न तुटलेली. नर्सबाईनं ती स्पिरिटनं पुसून टाकली. उजवा पाय स्वच्छ होता.

शेठनी कॉटच्या कडेला बसून धंद्यातल्या माणसासारखा विचार केला. एका पायाचा जोड कुणी शिवत नाही. एक चप्पल कुणी देत नाही आणि एका चपलेवर कुणी चालत जात नाही. उजवा पाय जोवर आपल्या ताब्यात आहे तोवर काम अर्ध्यावर आहे.

त्याला आता सहा वर्षं झाली. काकू ठणठणीत आहेत, नातवंडांमागे पळतात. झोपताना शेठ त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतात, हाताचा पंजा पावलाभोवती घट्ट धरतात आणि उशीला टेकून तसेच डोळे मिटतात. काकू आल्यागेल्याला सांगतात, "म्हातारपणी यांचं प्रेम उतू चाललंय." शेठ नुसते हसतात.

कधी कधी पहाटे त्यांच्या स्वतःच्या बोटांच्या कडेनं राखाडी रेघ उमटलेली असते. काकूंच्या पावलाच्या कडेनं निघून त्यांच्या हातावरून वळसा घेतलेली. शेठ ती उजेडात धरून बघतात आणि मग समाधानानं हात धुतात. असलं माप कुणाच्या पायाला बसणार?

पण गेल्या मंगळवारची रेघ त्यांच्या बोटांवर नव्हती. ती बोटांच्या खालून गेली होती, काकूंच्या कातडीला चिकटून, टाचेपासून करंगळीपर्यंत. तिथं थांबली होती.

त्या रात्रीपासून शेठ दोन्ही हात लावतात.