जाळीचं जॅकेट

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की आमच्या मोहाडीत म्हातारी माणसं सांगतात, भर दुपारी बाईमाणसानं एकटं रस्त्यावर राहू नये. ऊन लागतं म्हणून सांगत असतील, असं मी समजायची. त्या दिवशी मी भंडाऱ्याला निघाले ते एका साध्या कामासाठी. मला मोटरसायकलवर घालायला उन्हाळी जॅकेट घ्यायचं होतं.

मी गावोगाव फिरून गाईम्हशींना लस टोचते. रोजची गाडी. माझ्याकडे एक जाड काळं जॅकेट होतं, पण मे महिन्यात ते घालणं म्हणजे जिवंतपणी भट्टीत बसणं. त्यामुळे उन्हाळाभर मी सुती कुर्ता, डोक्यातोंडाला दुपट्टा आणि वर हेल्मेट, एवढ्यावर भागवायची. आमच्या कामावरची रेणू याच वेषात साकोलीच्या रस्त्यावर पडली. हाडं वाचली, पण दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत सोलून निघाली. तिला भेटून आल्यावर नीलेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकच सांगितलं, "जॅकेट घेतल्याशिवाय गाडीले हात नाही लावायचा."

भंडाऱ्याचं ते हेल्मेट-जॅकेटचं दुकान छोटंसंच होतं. भैय्यालाल नावाचे वयस्क गृहस्थ एकटेच कूलरसमोर बसले होते. मी अडचण सांगितली तसं त्यांनी एक करड्या रंगाचं जॅकेट काढलं. छाती, पाठ आणि बाह्या जाळीच्या. खांद्याला, कोपराला, पाठीला आतून कडक गार्ड.

"काळा रंग नका घेऊ मॅडम, ऊन पितो," ते म्हणाले. "हे घाला अन् कूलरसमोर उभ्या राहा."

मी उभी राहिले. वारा जाळीतून आरपार गेला, जणू अंगात काही घातलंच नव्हतं.

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "आता हँडल धरल्यासारखे हात समोर करा." मी हात पुढे केले तशी बाही वर सरकली आणि गार्ड कोपरावरून निसटून दंडावर गेला. "पाहा. पडाल तेव्हा हे दंडावर राहून काय कामाचं? एक नंबर लहान घ्या." लहान घातलं. गार्ड जागेवर बसला. "आतलं सुती बनियान भिजवून घालत जा. गाडी चालू असली की गारच गार. थांबली की मात्र गरम होईल, ते मी खोटं नाही सांगत."

सगळं पटत होतं. तरी आरशात पाहिलं आणि मन हटलं. एवढं कडक, फुगीर काहीतरी घालून मी गोठ्यागोठ्यात फिरणार? थांबलं की गरम होणारच, आणि माझं काम तर थांबत थांबतच. "राहू द्या, पुढच्या खेपेला पाहते," म्हणून मी निघाले.

बाहेर आले. दुकानाला दोन-तीन पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवर पाय ठेवला आणि उन्हानं डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. रस्ता नाही, दुकान नाही. मी आत चालले आहे की बाहेर, हेच क्षणभर कळेना. रेणूचे पट्ट्यांत गुंडाळलेले हात आठवले, आणि मी वळले.

भैय्यालाल दाराकडे पाहत उभे होते.

"काय विसरलं मॅडम?"

"काही नाही. द्या ते जॅकेट."

ते माझ्या मागे, रस्त्याकडे पाहत राहिले. "पण तुम्ही तर गेल्या ना आत्ता? गाडी चालू केली, वळवली... मी पाहून राहिलो होतो इथून."

मी दारातून डोकावले. माझी गाडी लिंबाच्या सावलीत होती तशीच होती.

"दुसरी कोणी असेल."

"हाव... असेल," ते म्हणाले. मग हातमोजे दाखवले, जॅकेटचे पट्टे माझ्या मापाला बसवून दिले, आणि बनियान भिजवायला बादलीभर पाणीही दिलं. पण त्यांचं लक्ष सारखं दाराकडे जात होतं.

निघाले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. खरंच गार वाटत होतं. ओल्या बनियानवरून वारा फिरत होता आणि मी मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला दुवा देत होते. वरठी ओलांडली. पुढे रस्ता पूर्ण रिकामा. लांबवर डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि जवळ गेलं की विरायचं. तापलेल्या डांबराचा वास, आणि त्यात कापलेल्या धानाचा. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

रस्त्यालगत शकुनबाईंची चहापाण्याची टपरी आहे. येताजाता मी तिथे थांबतेच. मला पाहून बाई उठून उभी राहिली.

"अवं, परत कायले आली?"

"परत कुठं? आत्ता तर येऊन राहिले भंडाऱ्याहून."

"मस्करी नको करू. आत्ता पाणी पिऊन गेली ना तू! हाच पिवळा कुर्ता. हेल्मेट काढून इथंच बसली." तिनं बाकाकडे बोट केलं. "म्हणे, लई तपून राह्यलं. म्हणे, जॅकेट पाह्यलं पण नाही घेतलं." मग तिची नजर माझ्या अंगावरच्या जॅकेटवर गेली.

मी हसायचा प्रयत्न केला. "शकुनबाई, ऊन लागलं तुम्हाले."

"मले नाही लागलं," ती हळूच म्हणाली. "तुले काय झालं...?"

मी पाणी न पिताच निघाले. अंगावरचं बनियान आता वाळलं होतं, तरी मला घाम येत नव्हता. कोणी माझ्यासारखी दिसणारी असेल, असं म्हणावं तर जॅकेटची गोष्ट तिला कोणी सांगितली? मी पुढे पाहत होते. एकदा वाटलं, दूर त्या हलणाऱ्या उजेडात एक पिवळा ठिपका आहे. मी वेग वाढवला. ठिपका तेवढाच दूर राहिला. मग वळणाआड गेला.

वळणावर कोणीतरी अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं. मला दिसलं तेव्हा चाक त्यावर चढलं होतं. गाडी खालून निघून गेली. मी उजव्या कोपरावर आपटले आणि घसरत गेले... जाळी रस्त्यावर खरवडल्याचा तो आवाज अजून कानात आहे.

थांबले तेव्हा पहिल्यांदा हात हलवून पाहिला. हलत होता. कोपराचा गार्ड जागेवर होता. नुसतं वरचं कापड झिजलं होतं.

बाभळीखालून एक शेतकरी नवराबायको धावत आली. "बाप्पा! आणखी एक!" बाई ओरडली.

"आणखी म्हणजे?"

"आत्ताच पडली ना एक. इथंच. नुसत्या कुर्त्यावर होती बिचारी. हात टेकून फरफटत गेली, दोन्ही हात..." तिनं तोंडाला पदर लावला. माझ्यापासून हातभरावर धानाच्या दाण्यांत काळपट ओला डाग पडला होता. अजून वाळला नव्हता. त्या उन्हात.

"कुठं आहे ती?"

"आटोत घालून मोहाडीच्या दवाखान्यात पाठवली. गाडी तिथं..." नवऱ्यानं बांधाकडे हात केला आणि तो थांबला. बांधावर काही नव्हतं. "इथंच तं ठेवली होती मी. उचलून ठेवली."

मी हेल्मेट काढलं, दुपट्टा सोडला. दोघांनी माझं तोंड पाहिलं. मग जॅकेटखाली लोंबणारा पिवळा कुर्ता. बाईनं नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं मागे सरकत बाभळीपर्यंत गेली.

गाडी उचलली, दुपट्टा पुन्हा बांधला आणि दवाखान्यात गेले. बघितल्याशिवाय घरी जाणं शक्य नव्हतं. फाटकाशी एक ऑटो उभा होता आणि त्याचा चालक दवाखान्यातल्या माणसाशी हुज्जत घालत होता.

"पेशंट कुठं आहे मग?" तो माणूस विचारत होता.

"मागंच बसवलं होतं जी! रस्ताभर बोलून राहिली होती माझ्याशी." चालकाला मी ओळखत होते, आमच्याच गावचा बंटी. मी समोरच होते, पण दुपट्टा तोंडावर होता, म्हणून त्यानं ओळखलं नाही.

"काय बोलत होती?" मी विचारलं.

"सारखं तेच ते. मी पायरीवरून परत फिराले पायजे होतं, मी परत फिराले पायजे होतं... मले काही समजलं नाही. दवाखाना नको म्हणे, घरी सोड, आई एकटी हाये घरी. मी म्हटलं, आधी दवाखाना. मंग चूप झाली. इथं येऊन मागं पाह्यलं तं..." त्यानं ऑटोची सीट दाखवली. ती ओली होती. एवढंच.

मी दुपट्टा सोडला. बंटीच्या हातातली किल्ली खाली पडली.

"हर्षाताई... तुमचे हात... मीच तं धरून बसवलं तुम्हाले..."

मी गाडीला किक मारली. सासूबाईंना मी आईच म्हणते. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं. आई एकटी हाये घरी.

आमचं घर विणकरांचं. दुपारी पुढच्या खोलीत सासूबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसतात, त्या चरख्याचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येतो. त्या दिवशी गल्लीत आवाज नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं.

सासूबाई चरख्याजवळ खाली बसल्या होत्या. हातात वाटी. दोन्ही तळहातांना ओली हळद.

"आई, हळद कोणाला लावली?"

त्यांनी वर पाहिलं. "उठून कायले आली? पड म्हटलं ना तुले आत."

"कोणाला लावली आई?"

"असं काहून इचारतेस? तुलेच लावली ना. कातडी नाही राह्यली हाताले. ओरडली किती..."

मी जॅकेट काढलं. दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. धड, कोरडे, एक ओरखडासुद्धा नाही. त्यांनी हळदीच्या बोटांनी माझं कोपर चाचपलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मंग आत... कोण निजली हाये?"

आम्ही दोघी मिळून मधल्या खोलीत गेलो. पलंगावर कोणी नव्हतं. मागचं दार आतून लावलेलं होतं.

नीलेश संध्याकाळी आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मला लिंबूपाणी दिलं, आणि उन्हानं झालेला भास म्हणून निकाल लावला. आईचं वय झालं, बंटी पितो, शकुनबाईला दिसत नाही. भैय्यालाल मात्र या यादीत बसत नव्हते. मी अनेकदा विचार करते, त्या पायरीवरून दोघी निघालो असू, तर खरी कोण, परत फिरलेली मी, की ती? जी तशीच पुढे गेली, तीही घरीच आली ना. तिलाही सासूबाईंचीच काळजी होती.

या गोष्टीला आता महिना होत आला. मी रोज ते जॅकेट घालते. कोपराशी झिजलेल्या जागी सासूबाईंनी स्वतः ठिगळ लावून दिलं. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलतात, वाढतात, उशीर झाला तर दारात उभ्या राहतात. फक्त मी आले की आधी माझी बाही वर करून कोपर पाहतात. ते धड दिसलं की त्यांच्या तोंडावर जे येतं, ते समाधान नसतं.

परवा मी दुपारीच घरी आले. सासूबाई चरख्यावर होत्या. दारामागे हळदीची वाटी धुऊन पालथी घातली होती. मी काही विचारलं नव्हतं. धागा न तोडता, खाली मान घालून त्या आपणहूनच म्हणाल्या,

"भरून आली व आता तिची जखम. एवढीशी खपली राह्यली. पुढच्या हप्त्यात गाडी चालवीन म्हणे."