दक्षिणेचं दार

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मीही हसले असते. मी आर्किटेक्ट आहे. माझा विश्वास भुतांवर नाही, इंचांवर. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि दिवसाउजेडी घडलंय.

१४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार. दुपारचे पावणेचार. बाल्टिमोर, अमेरिका.

रवींद्रकाका आणि शरयूकाकू माझ्या आईबाबांचे जुने स्नेही. काका निवृत्त इंजिनिअर. मुलीजवळ राहायचं म्हणून त्यांनी तिथल्या एका जुन्या, पडक्या वस्तीत प्लॉट घेतला. विटांची घरं एकमेकांना चिकटलेली, त्यातली निम्मी फळ्या ठोकून बंद. नवं घर डिझाइन करायचं काम माझं. माझं स्वतःचं पहिलं.

आधीचं घर कधीतरी जळालं होतं. समोरची भिंत तेवढी उरली होती, दारासकट. ती पाडायची नाही, अशी शहराची अट.

अडचण एकच. दार दक्षिणेला होतं.

दक्षिण म्हणजे यमाची दिशा. इतर बाबतीत काका पक्के इंजिनिअर, पण वास्तूपुढे विषय संपला. तोडगा मीच काढला. बाहेरून दार दिसू द्यायचं, आतून विटांनी बुजवायचं. ये-जा मागच्या गल्लीतून, उत्तरेकडून. साप मरावा आणि काठीही तुटू नये.

त्या दुपारी मापं घ्यायला मी अ‍ॅशबर्नहून, माझ्या घरून, एकटीच गेले. त्याच दारातून आत शिरले. वर मोकळं आकाश, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या सलग भिंती, मागे गल्लीलगत कुंपणाची दहा फुटी भिंत. दाराला आतून खडूने मोठी फुली मारली. म्हणजे हे बंद.

कडीपाशी दाराचा रंग खरवडून गेला होता. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

मागच्या भिंतीला टेकून लेझर मीटर दारावर धरला. बेचाळीस फूट.

प्रत्येक माप मी तीनदा घेते. दुसऱ्यांदा घेतलं...

छत्तीस.

बॅटरीला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा...

एकोणतीस.

लाल ठिपका दारावर नव्हताच. तो मधेच हवेत थांबला होता. माझ्या छातीएवढ्या उंचीवर. तिथे काहीच नव्हतं.

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज कधी थांबला, कळलंच नाही.

मग दार आपोआप लागलं.

आणि कोणीतरी ठोठावू लागलं. आधी हळू... मग दोन्ही हातांनी. बाहेरून नाही. आतून. मी होते त्याच बाजूने.

मला पळायला जागाच नव्हती. बाहेर पडायची वाट ते एकच दार. मी अक्षरशः हात जोडले आणि म्हणाले, "नाही बुजवणार. दार ठेवते. शब्द देते."

ठोठावणं थांबलं. कडी सहज उघडली. खडूची फुली पुसलेली होती, तळहाताने पुसावी तशी.

काकांना मी यातलं काय सांगणार होते? दार उघडं ठेवू या, एवढंच म्हणून पाहिलं. काका शांतपणे म्हणाले, "सावनी, तुला जमत नसेल तर दुसरं कोणी बघतो."

पहिलं काम होतं. मी नकाशात दारामागे विटांची रेघ ओढली.

पुढच्या वर्षी ते राहायला गेले. दीड महिन्याने, एका दुपारी काकूंचा फोन आला. मागचं दार अडकतंय, खिडक्याही हलेनात. पावसाने लाकूड फुगलं असेल, असं काका म्हणत होते.

"आणि हॉल लहान वाटतो गं," काकू म्हणाल्या. "समोरच्या भिंतीतून ठकठक पण येते."

मी काकांना फोन द्यायला सांगितला. त्यांच्याकडे मीटर होता. मागच्या दाराशी उभं राहून हॉल मोजा म्हटलं.

"बेचाळीस. बरोबर आहे की. थांब..."

"काय झालं?"

"छत्तीस."

"काका, बाहेर पडा."

काका हळूच म्हणाले, "कुठून?"

फोन कट झाला.

मी ९११ला कळवलं आणि गाडी काढली. पोहोचले तेव्हा फायर ब्रिगेडची माणसं परत निघाली होती. मागचं दार एका धक्क्यात उघडलं म्हणे. काका-काकू मागच्या भिंतीला टेकून, एकमेकांचे हात घट्ट धरून बसले होते. जिवंत होते, एवढं पुरे. काय पाहिलं, ते दोघंही आजवर बोललेले नाहीत. आता मुलीकडे राहतात.

घर बंद आहे.

ते दोघं सुटले. पण आत जे कोणी आहे ते अजून तिथेच आहे, आणि त्याची वाट मी बुजवलीय. विटा काढायला हव्यात, मला कळतं. मी शब्द दिला होता.

पण त्या विटांपाशी जायचं तर मागच्या दारातून आत शिरून बेचाळीस फूट चालावं लागेल. दोनदा गल्लीपर्यंत गेले आणि परत आले.