अकराव्या पानावरचं चित्र

नागसेनचे पाय मला आधी भेटले.

२००३ सालचा जुलै होता. आर्वीच्या बसस्टँडसमोर, बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता. बाहेर चपला काढून मी आत गेले, तर एका टेबलाखालून फक्त दोन पाय आलेले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"कोणी आहे का?" मी विचारलं.

"आहे ना... अर्धा आहे," टेबलाखालून उत्तर आलं. "वायर जोडून राह्यलो. बाकीचा अर्धा येतेच."

बाकीचा अर्धा आला तेव्हा त्याच्या केसांत कोळ्याचं जाळं होतं. मी हसले, तोही हसला. झालं, घोटाळा तिथेच झाला.

तो शिकवायला होता म्हणून 'सर'. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा, पण मी मुद्दाम लांबवून "सssर" म्हणायची आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. दिवाळीपर्यंत माझा कोर्स संपला. मग क्लासचे मालक ताराचंद सर म्हणाले, "अपनी खुद की पुस्तिका निकालेंगे. हर पाठ में स्क्रीन का फोटो." शिकवणारा नागसेन आणि वर्गात पहिली आलेली मी, म्हणून काम आमच्या दोघांच्या गळ्यात पडलं. माझी काही तक्रार नव्हती.

"हे पाह्य, प्रेरणा," नागसेन मला शिकवू लागला. "नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं, तर अख्खा पडदा येते. जे जे उघडं राह्यलं, ते सगळं. आल्ट धरून दाबलं, तर फक्त पुढची खिडकी. मग पेंटमध्ये पेस्ट करजो."

"म्हणजे पुढचं दाखवायचं, मागचं लपवायचं?"

"हो... तुले जमन ते."

"काऊन? मी काय लपवून राह्यली, सर?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. काच स्वच्छच होती.

त्या दिवसांत त्याच्या शर्टाचं दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं. मला ते बघवत नव्हतं आणि त्यावरून नजरही हटत नव्हती. एका दुपारी तो बाहेर गेला असताना मी मराठी टायपिंगच्या सरावासाठी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सरांच्या शर्टाचं बटण पडून राह्यलं. मले सुईदोरा चालवता येते. पण सर विचारत नाई.' लिहून मीच लाजले. पुसणार, तेवढ्यात तो आला. मी घाईघाईने त्यावर कॅल्क्युलेटर उघडला. त्याचंच चित्र काढायचं होतं त्या दिवशी.

तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "झालं का?"

"झालं," मी म्हणाले आणि कळ दाबली. आल्ट... आल्ट राहून गेलं.

चित्र लहान करून मी पानात बसवलं, लाजेने ना त्याच्याकडे बघत, ना चित्राकडे. पुस्तिकेच्या साठ प्रती झेरॉक्स झाल्या, वाटल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बॅचच्या मुली अकरावं पान उघडून एकमेकींना कोपरं मारत होत्या. कॅल्क्युलेटरच्या आजूबाजूने माझं सगळं मन छापून आलं होतं.

ताराचंद सरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "ये किसने टाइप किया? लोग अपने भरोसे पे लड़कियाँ भेजते हैं यहाँ."

बाजारात बाबांचं कापडाचं दुकान होतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तिथे पोचणार, हे मला माहीत होतं. आमच्या घरी मुलाचं नाव कळलं की लगेच आडनाव विचारतात. नागसेन म्हटल्यावर तेही विचारायची गरज पडली नसती.

"मले नाई माहीत, सर," मी म्हणाले.

नागसेनने एकदाच माझ्याकडे बघितलं. "मी केलं, सर. गंमत म्हणून."

त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तो बूट घालत होता. मी त्याच्यामागे उभी राहिले.

"एकच सांग, प्रेरणा," मागे न बघता तो म्हणाला. "ते माझ्यासाठी होतं का? हो म्हण. पुढचं सगळं मी पाहून घेतो. तुझ्या बाबांशीही मीच बोलतो."

खालून कोणाची तरी पावलं वाजली. मला वाटलं, बाबाच आले.

"नाई... सराव होता तो."

"अच्छा," तो म्हणाला आणि उतरून गेला. वर आला तो बियाण्यांच्या दुकानातला हमाल होता, पाणी प्यायला.

पुढचे दोन दिवस साठही पुस्तिका परत मागवून मी अकरावं पान फाडत बसले होते. ताराचंद सरांनी फाडलेली पानं स्वतः मोजून घेतली.

त्यानंतर पाच वर्षांनी तो मला कारंजा गावाच्या बसस्टॉपवर दिसला. उसाच्या रसाचे दोन ग्लास हातात होते. बसच्या खिडकीत त्याची बायको बसली होती, छान होती दिसायला. माझंही लग्न झालं होतं. पण पाच वर्षं मनात राहिलेलं बोलल्यावाचून मला राहवलं नाही.

"सर... ते मीच लिहिलं होतं. तुमच्यासाठीच."

तो हसला. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मले माहीत होतं ना. त्या कॉम्प्युटरवर त्या दिवशी दुसरं होतं कोण?"

"मग... मग जिन्यात विचारलं काऊन?"

"लिहिलं कोनं, ते नव्हतं विचारलं मी," तो म्हणाला. "तू मान्य करतेस का, ते पाह्यचं होतं."

कंडक्टरने बेल दिली. रस सांडू न देता, सांभाळून, तो बसमध्ये चढला.