एकशे चारला बंद

हसू नका रे. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे, पदरचं काही घालत नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करायचा तो. हाडं मोजून घ्यावीत इतका बारका, म्हणून सगळे त्याला स्क्रू म्हणायचे. मार्चमधला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेबारा. फोटो स्टुडिओच्या मालकाचा फोन आला, "मशीन सारखं बंद पडतंय, सकाळी अल्बम द्यायचाय, लगेच ये."

स्क्रूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची धाकटी बहीण याच स्टुडिओत अल्बम बनवायची; महिन्यापूर्वी त्याच मशीनसमोर, बसल्या खुर्चीत तिने जीव सोडला होता, तापाने फणफणत. आणि हा गृहस्थ घरी येऊन काय म्हणाला? "बोलली असती तर सोडलं नसतं का? चकार शब्द काढला नाही पोरीने!" तेव्हापासून आई रोज तिच्या फोटोला विचारायची, "तोंड शिवलं होतं का गं तुझं?" मेलेल्या पोरीला बोल! ती मुकी राहिली नव्हती, बोलली होती, हे स्क्रूला मालकाच्या तोंडून हवं होतं. म्हणून गेला.

मशीन उघडलं. पंखा साफ, आत सगळं थंड. आता नीट ऐका. प्रोसेसर तापला की मदरबोर्डला कळतं. आधी तो पंखा जोरात पळवतो, मग काम हळू करायला लावतो, आणि तरीही भागलं नाही तर सरळ वीज तोडतो. जळू देत नाही. अरे, निर्जीव पत्र्याला एवढी अक्कल, आणि या मेल्याला...! जाऊ दे.

"ते बंद पडणंच काढून टाक," मालक खेकसला. "काम थांबता कामा नये."

"जळेल, साहेब."

"जळू दे. दुसरं आणू."

ऐकलंत? दुसरं आणू!

स्क्रूने सेटिंग उघडलं. किती तापल्यावर बंद व्हायचं, तो आकडा तिथे असतो. सत्तर सेल्सिअसच्या खाली नसतोच. पडद्यावर होतं चाळीस. शेजारी फॅरनहाइटमध्ये... एकशे चार.

त्याने ते काढून टाकलं. मशीन सुरू केलं.

विझलं.

पुन्हा उघडलं. एकशे चार.

मालक पांढराफटक. "एकशे चार..." तो पुटपुटला. "एवढाच तर म्हणाली होती..."

स्क्रू सावकाश वळला. "कोण म्हणाली?"

मालक दाराकडे सरकला.

"बोल! कोण म्हणाली?"

"म्हणाली, ताप आहे, घरी जाऊ का... मी म्हटलं, आधी अल्बम."

स्क्रूने त्याची कॉलर धरली, तसंच फरफटत घरी नेलं, आईला उठवलं आणि तेच शब्द पुन्हा बोलायला लावले. आईने ऐकलं आणि मालकाच्या तोंडावर दार लावून घेतलं.

सकाळी स्क्रू बहिणीची खुर्ची आणायला स्टुडिओत गेला. रात्री त्याच खुर्चीवर बसून त्याने काम केलं होतं, तेव्हा ती धड होती. आता खुर्चीच्या दोन्ही हातांचं प्लास्टिक वितळून त्यात बोटांचे ठसे रुतलेले. बारीक, पोरीच्या बोटांचे. माणूस उठायला जोर लावतो ना... तसे.