पाठमोरा सेवक

डिसेंबर २००६. कोलोनमधली आमची इन्स्टिट्यूट नाताळच्या सुट्टीसाठी रिकामी झाली होती. तळघरात मी एकटी, आणि काम एकच उरलं होतं: एका इराणी सोन्याच्या नाण्याचा गिप्सचा, म्हणजे प्लास्टरचा, ठसा घ्यायचा. पीएचडीसाठी असे दीडशे ठसे मी घेतले होते. त्यात घाबरण्यासारखं काय असणार?

नाणं सतराशे वर्षांपूर्वीचं. एका बाजूला सासानी राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही अंगांना भाला घेतलेले सेवक. दोघेही अग्नीकडे पाठ करून उभे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

वेद, माझा नवरा, ऑक्टोबरमध्ये ऑटोबानवर, इथल्या महामार्गावर, अपघातात गेला. क्रेमाटोरियममधल्या माणसाने हळूच विचारलं होतं, "दाहिनीचं बटण तुम्ही दाबणार का?" मी पाठ फिरवली ती थेट ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. बटण त्यानेच दाबलं. साताऱ्याहून सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, "आई, अग्नी मीच दिला."

साच्यात गिप्स ओतला. घट्ट होताना तो तापतो, मग थोड्या वेळात गार पडतो. चार वाजले, बाहेर अंधारून आलं. कुठूनसा तूप जळल्याचा वास येऊ लागला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"सुमेधा... वेद रोज स्वप्नात येतो गं. एकच सांगतो. आई, तिला वळायला सांग..."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुठे वळायचं गं? तुला काही कळतंय का?"

"आई... अग्नी मी नाही दिला. मी पाठ फिरवून निघून आले."

मग त्या म्हणाल्या, "एकटी होतीस गं तिथे..." आणि आम्ही दोघी रडलो. दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच रडले.

फोन ठेवून ठसा सोडवला. उजवीकडचा सेवक अग्नीकडे तोंड करून उभा होता. हातात भाला नव्हता; हात ज्वाळेपर्यंत लांबवलेला. मी नाणं पुन्हा पाहिलं. त्यावर दोघेही पाठमोरेच होते.

प्रबंध जमा केला त्या दिवशी, तीन वर्षांनी, संग्रह सांभाळणाऱ्या फ्राऊ केसलरनी तो ठसा उचलला आणि चटकन खाली ठेवला.

"अगं, हा तर गरम आहे! आत्ताच ओतलास का?"

"हो," मी म्हणाले. त्या फोननंतर मी खोटं बोलले ते तेवढंच.